विद्यार्थ्यांच्या तब्येतीचा वाद भलत्याच जागी अडकलाय

परीक्षांचा हंगाम आला आणि कुठल्यातरी विद्यापीठातून एखादी वाईट बातमी आली की हा वाद ठरल्यासारखा सुरू होतो. एक बाजू म्हणते आजकालची पोरं नाजूक आहेत, जरा ताण आला की यांना कौन्सेलर लागतो, आमच्या वेळी असलं काही नव्हतं आणि आमचं काही अडलं नाही. दुसरी बाजू म्हणते विद्यापीठांना कसलं सोयरसुतक नाही, आणखी कौन्सेलर नेमा, आणखी हेल्पलाइन काढा, वेलनेस सप्ताह घ्या. आठवडाभर जुंपते आणि मग सगळे आपापल्या कामाला लागतात. मला खटकतं ते यांचं भांडण नाही, यांचं एकमत खटकतं. दोघंही धरून चालतात की जे काही बिघडलंय ते विद्यार्थ्याच्या डोक्यात बिघडलंय, आता फक्त त्याला रागवायचं की समजवायचं एवढंच ठरवायचं बाकी आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. विद्यार्थी आजारी पडतात ते इतर माणसांसारखेच, पण उपचारापर्यंत जायचा रस्ता त्यांच्यासाठी मधेच तुटलेला असतो, आणि तो त्यांच्या स्वभावामुळे तुटलेला नाही, आरोग्यव्यवस्था ज्या पद्धतीने रचल्या गेल्यात त्यामुळे तुटलाय. विद्यापीठाने हॉस्पिटल चालवावं असं मी म्हणत नाही, तो रस्ता जोडून द्यायची जबाबदारी मात्र त्यांचीच आहे.

कुठल्याही देशातली व्यवस्था घ्या, ती माणसाला कुटुंब, नोकरी किंवा पत्ता यांपैकी एका खुंटीला बांधून ठेवते. विमा असेल तर तो आईवडिलांच्या पॉलिसीतून नाहीतर कंपनीकडून, आणि सरकारी सेवा असेल तर जिथे नाव नोंदलंय तिथे. विद्यार्थी या तिन्ही खुंट्यांवरून एकाच वेळी सुटतो. घर सोडलेलं असतं, नोकरी लागलेली नसते, आणि पत्ता म्हणाल तर हॉस्टेलची खोली, जी दरवर्षी बदलते. ब्रिटनचंच बघा, तिथे उपचार फुकट, व्यवस्था जुनी, पण माणूस एका वेळी एकाच फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवू शकतो, त्यामुळे विद्यापीठाच्या गावात नाव नोंदवलं की सुट्टीत घरी गेल्यावर तुम्ही तात्पुरते पेशंट, आणि नाही नोंदवलं तर वर्षातले बहुतेक महिने जिथे राहता तिथे तुमचं कुणीच नाही. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने मुलांना २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहता येतं, चांगलीच गोष्ट आहे, पण त्या विम्याचे डॉक्टर बरेचदा आईवडिलांच्या गावातले असतात आणि पोरगं असतं हजार मैलांवर. म्हणजे कागदावर सगळं आहे, ताप आला त्या रात्री काही नाही.

त्यात वयाचा वेगळाच घोळ. बरेचसे लोक घर सोडतात ते अठराच्या आसपास, आणि त्याच सुमाराला लहान मुलांचे डॉक्टर त्यांची फाइल बंद करतात. टाइप १ डायबेटिस असलेली मुलगी, फिट्स येणारा मुलगा, दम्याचा इन्हेलर घेऊन फिरणारं कुणी, यांचा सगळा इतिहास इतकी वर्षं एका डॉक्टरला आणि एका आईला तोंडपाठ असतो. गोळ्या संपत आल्यात हे दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात असतं, आणि एक दिवस अचानक ते दुसरं कुणीच नसतं. टाइप १ डायबेटिसमध्ये साखरेचं कंट्रोल सगळ्यात जास्त बिघडतं ते याच वयात, टीनएजच्या शेवटापासून विशीच्या सुरुवातीपर्यंत, हे डॉक्टर मंडळींना चांगलं माहितीये. याला नाजूकपणा म्हणायचं? ज्या मुलीने आठव्या वर्षापासून स्वतःला इन्सुलिन टोचून घेतलंय तिला कणखरपणा शिकवायला जाणारे आपण कोण? तिला प्रवचन नको आहे, तिला नवीन गावात प्रिस्क्रिप्शन लिहून देणारा माणूस हवाय आणि तिची जुनी फाइल त्या माणसाच्या टेबलावर हवीये.

बरं, ही नाजूक पिढीची तक्रार तरी नवीन आहे का? अमेरिकेत ॲमहर्स्ट नावाच्या कॉलेजात १८६१ साली एडवर्ड हिचकॉक या डॉक्टरला प्राध्यापक म्हणून नेमलं, विषय आरोग्य आणि व्यायाम. का नेमलं? कारण तिथल्या अध्यक्षांना काळजी पडली होती की शिकता शिकता मुलांच्या तब्येती ढासळतायत. १८६१ मध्ये! ना मोबाइल, ना सोशल मीडिया, आणि आज ज्यांना आपण चिवट जुनी पिढी म्हणतो त्यांचे आजेसुद्धा जन्मायचे होते. हिचकॉकने पुढे पन्नास वर्षं तिथे काम केलं, मुलांची मोजमापं घेतली, नोंदी ठेवल्या. म्हणजे काही वर्षांसाठी एका जागी कोंडलेल्या, जागरणं करणाऱ्या, घरापासून तुटलेल्या तरुणांना वेगळी वैद्यकीय सोय लागते ही अक्कल दीडशे वर्षांहून जुनी आहे. आमच्या वेळी नव्हतं म्हणणाऱ्यांच्या वेळी ते नव्हतं कारण त्यांच्या कॉलेजने केलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. आणि तेव्हा जे मुकाट्याने शिक्षण सोडून घरी गेले ते आज या वादात बोलायला आहेत कुठे?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा, जो ती बाजू स्वतः क्वचितच मांडते (तिला पोरांना नावं ठेवण्यात जास्त मजा येते). तो असा की अठरा ते पंचवीस हा आयुष्यातला सगळ्यात निरोगी काळ. डॉक्टर कमी, पैसा कमी, मग तो म्हाताऱ्यांवर आणि तान्ह्या बाळांवर खर्च करायचा सोडून या धडधाकट लोकांवर का? आणि त्याहून टोकदार प्रश्न, त्याच वयाचा जो मुलगा कॉलेजात गेलाच नाही, कुठेतरी रोजंदारीवर काम करतोय, त्याला कोण देतंय कॅम्पसवरचा दवाखाना? आधीच नशीबवान असलेल्यांना अजून एक सवलत कशाला?

यातला निरोगीपणाचा भाग अर्धाच खरा आहे. हृदयविकार, कॅन्सर मोजायला बसलात तर हो, हे वय स्वस्तात सुटतं. पण मानसिक आजारांचं गणित नेमकं उलटं आहे, २००५ सालच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी तीन चतुर्थांश हे २४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे जे दुखणं पुढे चाळीस वर्षं पुरणार आहे ते पकडायची वेळ हीच. आणि पकडलं किती जातं? २१ देशांच्या आकड्यांवरून २०१६ मध्ये जे छापून आलं त्यानुसार गेल्या वर्षभरात मानसिक आजार असलेल्या विद्यार्थ्यांपैकी उपचार मिळालेले साधारण १६ टक्के, म्हणजे सहातला एक. बाकीचे पाच कौन्सेलरच्या दाराशी रांग लावून उभे नाहीत, ते दारापर्यंत आलेलेच नाहीत. सगळे ऊठसूट कौन्सेलरकडे धावतात म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरा दोनदा वाचावा. साथीचे रोग तर वेगळेच. मेंदूज्वराचा जंतू हॉस्टेलवर प्रेम करतो, एकत्र राहणारी, एका ग्लासातून पिणारी तरुण माणसं त्याला आयती मिळतात, म्हणून तर ब्रिटनने २०१५ पासून पहिल्यांदा विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी त्याची लस सुरू केली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात या रोगाची साथ आली तेव्हा जंतूच्या त्या प्रकारावरची लस अमेरिकेत मंजूरच नव्हती, ती खास परवानगीने मागवून डिसेंबरात मुलांना टोचली. तरी मार्च २०१४ मध्ये ड्रेक्सेल या दुसऱ्याच विद्यापीठातली एक विद्यार्थिनी त्याच जंतूने गेली, प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांशी तिचा संपर्क आला होता. कॅम्पसचं गेट जंतूला दिसत नाही, त्यामुळे कॅम्पसमधल्या दवाखान्याचा फायदा फक्त कॅम्पसला होतो हेही खरं नाही.

न शिकणाऱ्या मुलाचा मुद्दा मात्र मला मान्य आहे, आणि तो मान्य केल्यावर माझ्याच बाजूचे लोक मागतात ती एक गोष्ट नाकारावी लागते: विद्यार्थ्यांसाठी अख्खी वेगळी व्यवस्था. फ्रान्सने ते करून पाहिलंय. १९४८ मध्ये तिथे विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र सामाजिक विमा काढला, तो चालवायचा विद्यार्थ्यांच्याच संस्थांनी, कल्पना केवढी सुंदर. पुढे त्याचं काय झालं तर कार्ड मिळायला महिनोन्महिने, पैसे परत मिळायला महिनोन्महिने, फोन कुणी उचलत नाही. शेवटी २०१८ च्या कायद्याने ती योजना गुंडाळली आणि २०१९ पर्यंत सगळ्या विद्यार्थ्यांना सर्वसाधारण विम्यात नेलं. छोट्या, तात्पुरत्या, दर तीन वर्षांनी बदलणाऱ्या लोकांसाठी वेगळी तिजोरी आणि वेगळी कारकुनी उभी केली की ती अशीच होणार. जर्मनीने सरळ मार्ग धरला, विमा सगळ्यांचा तोच, पण प्रवेश घेताना तो असल्याचा पुरावा लागतो, त्यामुळे निदान पहिल्याच दिवशी कळतं की कोण उघड्यावर आहे. फिनलंडमध्ये विद्यार्थ्यांची आरोग्यसेवा १९५४ पासून आहे, ती आधी फक्त विद्यापीठवाल्यांची होती, २०२१ पासून व्यवसाय-शिक्षणाच्या उच्च संस्थांमधल्या मुलांनाही त्यात घेतलं, थोडी फी मुलं भरतात आणि बराचसा भार सरकार उचलतं. म्हणजे सवलत मूठभरांना आहे याचं उत्तर सवलत काढून घेणं हे नाही, तिची वेस लांब नेणं हे आहे. न शिकणाऱ्या मुलाला डॉक्टर मिळत नाही म्हणून शिकणाऱ्यालाही मिळू नये, यात कुणाचं भलं झालं?

विद्यापीठाचं काम शिकवणं, दवाखाना चालवणं नाही, हे वाक्यही दरवेळी येतं. ऐकायला बरोबर वाटतं. १९०३ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या इथाका नावाच्या गावात टायफॉइड पसरला, कॉर्नेल विद्यापीठाचं गाव. पाणीपुरवठा एका खाजगी कंपनीचा, पाणी न गाळता सोडलेलं. म्हटलं तर विद्यापीठाचा काय संबंध, पाणी काही त्यांनी सोडलं नव्हतं. पण जवळपास तीस विद्यार्थी त्या साथीत गेले, आणि मग विद्यापीठाने स्वतःचा पाणी गाळायचा प्लांट उभारला. १९०६ मध्ये बर्कले विद्यापीठात अमेरिकेतली पहिली सर्वसमावेशक म्हणावी अशी विद्यार्थी आरोग्यसेवा सुरू झाली, सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपाच्याच वर्षी. या लोकांना काही एका सकाळी समाजसेवेचा उमाळा आला नव्हता. त्यांना कळलं की हजारो तरुण माणसं आपण बोलावली, एका जागी ठेवली, त्यांनी काय करायचं, कधी उठायचं, कुठे राहायचं हे आपण ठरवतो, तर मग ती आजारी पडल्यावर हा विषय आमच्या कक्षेत येत नाही असं म्हणता येत नाही. आजही विद्यापीठ हजेरी मागतं, हॉस्टेलच्या वेळा ठरवतं, परीक्षा चुकली तर वर्ष घेतं. आयुष्यावर इतकी सत्ता चालवायची आणि जबाबदारीच्या वेळी आम्ही फक्त शिकवतो म्हणायचं, हे जमणार नाही.

पण इथेच दुसऱ्या बाजूचंही घोडं पेंड खातं, जी म्हणते सगळं विद्यापीठाच्या हाती द्या. ज्या ऑफिसकडे तुमची हजेरी आहे, शिस्तभंगाची कारवाई आहे, शिष्यवृत्ती आहे, त्याच ऑफिसच्या माणसाला जाऊन तुम्ही सांगाल की मला मरावंसं वाटतं? किंवा पाळी चुकलीये? किंवा अमुक पदार्थ घेतला होता आणि आता छातीत धडधडतंय? हा निव्वळ वहीम नाही. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात एका विद्यार्थिनीने लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात विद्यापीठावरच केस केली होती आणि विद्यापीठाने त्या केससाठी तिच्या समुपदेशनाच्या नोंदी आपल्याच केंद्रातून घेतल्या. २०१५ मध्ये हे बाहेर आल्यावर देशभर गदारोळ झाला, पण ज्यांनी ती बातमी वाचली त्यातले किती विद्यार्थी त्यानंतर कौन्सेलरसमोर मोकळेपणी बोलले असतील? तिथल्याच स्टॅनफर्ड विद्यापीठावर २०१८ मध्ये विद्यार्थ्यांनी दावा लावला तो याच्या जवळचाच, मानसिक त्रास सांगितला की सुट्टीवर घरी पाठवतात, मनाविरुद्ध. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि विद्यापीठाला नियम बदलावे लागले. आधी बरा हो मग ये, असं म्हणणं वरवर काळजीचं वाटतं, पण त्याने शिकायची गोष्ट एकच, सांगू नका. याच्या उलट उदाहरण बघा, फ्रान्समध्ये आल्प्सच्या डोंगरात १९३३ मध्ये क्षयरोगी विद्यार्थ्यांसाठी खास सॅनिटोरियम उघडलं होतं, का, तर उपचाराच्या लांबलचक काळात त्यांचा अभ्यास तुटू नये. क्षयावर धड औषध नव्हतं तेव्हा ज्यांना हे सुचलं त्यांच्यापुढे आज आपण सक्तीच्या रजेचा फॉर्म घेऊन उभे आहोत. म्हणून माझी अट अशी की दवाखाना विद्यापीठाच्या आवारात असू दे, पण तिथली नोंद प्रशासनाच्या हाती जाता कामा नये, डीनच्याही नाही आणि वकिलाच्याही नाही, आणि हे पहिल्या भेटीतच पेशंटला तोंडी सांगितलं पाहिजे.

मग पालक म्हणतात, आणि आम्ही? पैसे आम्ही भरतो, पोर आमचं, उद्या काही झालं तर फोन आम्हालाच येणार. ह्याला मी उडवून लावणार नाही. वेळेवर घरी कळल्यामुळे जीव वाचलेत हे खरं आहे. पण ज्याला तपासणीला जायचंय आणि बिल किंवा विम्याचं पत्र थेट घरी जाणार हे माहितीये, तो तपासणीलाच जात नाही, आणि मग घरच्यांनाही काहीच कळत नाही. अमेरिकेत आईवडिलांच्या पॉलिसीवर असलेल्या मुलांचं हेच होतं, उपचाराचा तपशील पॉलिसी ज्याच्या नावावर त्याला पोस्टाने जातो. त्यापेक्षा मुलालाच प्रवेशाच्या वेळी शांतपणे विचारा, जीव धोक्यात असेल तर कुणाला कळवायचं? बहुतेक जण आईवडिलांचंच नाव देतील. काही जण मोठ्या बहिणीचं देतील, एखादा मामाचं देईल, आणि ज्याने बापाचं नाव मुद्दाम टाळलंय त्याला त्याची कारणं असतात.

मेडिकल सर्टिफिकेटचा विषय या सगळ्या चर्चेत कुणी काढत नाही, आणि मला तर तो अर्ध्या दुखण्याचं मूळ वाटतो. पोट बिघडलं, दोन दिवस झोपून राहिलं की बरं होतं, डॉक्टरची गरज नाही. पण हजेरी जाईल, इंटर्नल चुकेल, म्हणून ते पोर ओकाऱ्या होत असताना दवाखान्याच्या रांगेत जाऊन बसतं, कागद मागायला. त्याच रांगेत मागे कुणीतरी बसलंय ज्याला खरंच आज डॉक्टर हवाय आणि त्याला पुढल्या आठवड्याची अपॉइंटमेंट मिळते. मग आपण म्हणतो डॉक्टर कमी पडतात! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. ब्रिटनमध्ये नोकरदाराला सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरचा कागद लागत नाही, तो स्वतः लिहून देतो, त्याच्यावर विश्वास ठेवतात. मग ज्याला मतदानाचा हक्क आहे अशा विद्यार्थ्यावर दोन दिवसांचा विश्वास ठेवायला काय जातं? काही जण खोटं बोलतील, बोलणारच. ते आत्ताही बोलतात, फक्त आत्ता त्यांच्या खोट्याला एक शिक्का असतो.

ॲपवाल्यांचं काय? आमच्याकडे चोवीस तास ऑनलाइन डॉक्टर आहे, कॅम्पसवर दवाखाना कशाला, असं आता बरीच विद्यापीठं म्हणू लागलीत. रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसाशी कुणीतरी बोलतंय याची किंमत आहेच, आणि लहान गावात ज्या भाषेतला किंवा ज्या विषयातला डॉक्टर नाही तो फोनवर मिळतो हेही मान्य. पण पोटाच्या उजव्या बाजूला खाली दाबून दुखतं का हे स्क्रीनवरून कोण बघणार? आणि हॉस्टेलच्या खोलीत तीन जण असताना बाकीचे दोघं ऐकतायत अशा अवस्थेत कुणी काय सांगणार? दवाखान्याला जोड म्हणून ॲप हवंच. दवाखान्याच्या जागी ते बसवायचं म्हणजे खर्च कापून त्याला आधुनिकपणा म्हणायचं.

आता कौन्सेलरच्या आकड्यांकडे, कारण सगळी भांडणं शेवटी तिथेच येतात. भारतात सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. मला हे स्वागतार्हच वाटतं, निदान एक माणूस तरी आहे. पण समजा तो माणूस नेमला, आणि तो बसतो प्रशासनाच्या इमारतीत, भेट सकाळी अकरा ते चार म्हणजे नेमकी लेक्चरच्या वेळेत, औषधाची गरज लागली तर पुढे कुणाकडे पाठवायचं त्याचा पत्ता नाही, आणि चार भेटींनंतर कोटा संपला. मग आकडा भरला आणि काम काय झालं? बरेचदा शरीराचं दुखणं घेऊनच लोक येतात, झोप नाही, डोकं दुखतं, वजन उतरलंय, आणि साध्या डॉक्टरने दहा मिनिटं नीट विचारलं तर मागचं बाहेर येतं. म्हणून कौन्सेलरची खोली आणि डॉक्टरची खोली एकाच दारातून आत असावी, बाहेरच्या बाकावर बसलेल्याला बघून कुणाला कळू नये की हा सर्दीसाठी आलाय की रडण्यासाठी.

आणि सुट्ट्या. कॅम्पसचे दवाखाने सेमिस्टरच्या हिशोबाने चालतात, सुट्टी लागली की कुलूप. पण सुट्टीत हॉस्टेलवर मागे राहतं कोण? परदेशातून आलेली, तिकीट न परवडणारी, प्रयोगशाळेत अडकलेली, आणि ज्यांना परत जायला घरच नाही अशी मुलं, म्हणजे ज्यांना दुसरा काही आधार नाही नेमकी तीच. शेवटच्या वर्षाचं तर अजूनच विचित्र आहे, निकाल लागतो, ओळखपत्राची मुदत संपते आणि त्याच तारखेला चालू असलेला उपचारही संपतो, मग तो डिप्रेशनच्या गोळ्यांचा अर्धा कोर्स असो नाहीतर क्षयाच्या गोळ्यांचा चौथा महिना असो. नवी नोकरी, नवं गाव, नवा विमा, सगळं अजून हवेत असताना जुना डॉक्टर बंद. ओळखपत्र संपल्यावरही नवा डॉक्टर हाती लागेपर्यंत काही महिने उपचार चालू ठेवायचे आणि फाइल पेशंटच्या हातात द्यायची, यासाठी नवी इमारत लागत नाही आणि कौन्सेलरची भरतीही लागत नाही, प्रशासनाच्या एका परिपत्रकात मावेल एवढंच ते काम आहे.